‘जॉयलँड’मधल्या मुमताजबद्दल कुणी बोललं का?

सायम सादिक यांच्या ‘जॉयलँड’ या पाकिस्तानी सिनेमाला 2022 साली कान महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये मायदेशातच त्यावर बंदी आली. पुढे केंद्र सरकारनं काही कट करून परवानगी दिली, तरी पंजाब प्रांताची बंदी कायम राहिली. कथा घडते त्याच प्रांतातल्या लाहोरमध्ये! आक्षेप होता तो शादीशुदा हैदर आणि ख्वाजासरा नर्तकी बीबा यांच्या नात्यावर.

अशा नात्याबद्दल दीन काय सांगतो ते आपल्याला ठाऊक आहे, तो वाद आम्हाला घालायचा नाही. पण या गदारोळात हैदरची बीवी मुमताज मागेच राहिली. ती नवऱ्यांचा मेकअप करते, मन लावून करते. हैदरला काम मिळताच सासरे ठरवतात, सूनबाईंनी आता घरी बसावं. मारझोड नाही, घर तसं शरीफच. मोठ्या जावेला चारही मुलीच, त्यामुळे सगळ्यांना नातवाची आस. मुमताजला मुलगा होणार कळतं, घर खूश होतं, आणि ती पोटातल्या बाळासकट जीव देते.

शेवटी सिनेमा लग्नाआधीच्या दिवसांत जातो. हैदर तिला गुपचूप भेटून विचारतो, हे लग्न तुला मंजूर आहे ना? निकाहाला मुलीची कबुली लागते, ती अशी खरोखर कितीजण विचारतात? ती म्हणते, मला पुढेही काम करायचंय. तो हो म्हणतो. या मोडलेल्या वाद्याबद्दल बंदी मागणाऱ्यांनी काही विचारल्याचं आमच्या वाचनात नाही. तारीफ करणाऱ्यांचेही बरेचसे शब्द बीबावरच खर्च झाले.