"परत इमेज मार" म्हणजे निदान नव्हे

मशीन बूट होत नाही म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांचा एक रामबाण उपाय ठरलेला असतो. "परत इमेज मार." तरीही नाही चाललं? "परत एकदा मार." तरीही नाही? "हार्डवेअरच गेलेलं असणार, व्हेंडरला कॉल लाव." या तीन वाक्यांवर लोकांच्या अख्ख्या नोकऱ्या निघून गेल्यात :)

मला विचाराल तर (आणि नाही विचारलंत तरी सांगतोच) ही सवय महागाची आहे. तीच इमेज त्याच मशीनवर दुसऱ्यांदा टाकून वेगळं काही घडण्याची शक्यता फारच कमी. एक तास जातो, आणि पडद्यावर जो पुरावा होता तोही पुसला जातो.

इमेज म्हणजे काय, तर एक मशीन नीट सजवायचं, सिसप्रेप चालवून त्याची स्वतःची ओळख पुसायची, आणि ते रूप दोनशे मशीनवर छापायचं. गणपतीच्या साच्यासारखं. साचा एकच, पण माती मात्र वेगवेगळ्या खाणीतली! गडबड होते ती इथे. त्यामुळे "कालच्या लॅपटॉपवर तर चालली" हे वाक्य पुरावा म्हणून अर्धवट आहे. कालचा लॅपटॉप कुठलं मॉडेल होता, त्याचं बायॉस सेटिंग काय होतं, हे कोण सांगणार?

बूट होणं ही एक घटना नाही, ती रिले रेस आहे. बॅटन कुणाच्या हातून पडलं एवढंच शोधायचं असतं.

पहिला धावपटू फर्मवेअर. "बूट डिव्हाइस सापडलं नाही" असं आलं, तर विंडोज अजून मैदानात उतरलेलंच नाही. जुन्या पद्धतीने, म्हणजे एमबीआर डिस्क धरून बनवलेली इमेज फक्त यूईएफआय जाणणाऱ्या मशीनवर टाकली की हे होतं. त्या मशीनला जीपीटी डिस्क हवी असते आणि तिच्यावर फॅट३२ मधलं छोटं ईएफआय पार्टिशन. ते नसेल तर दहा वेळा इमेज मारा, मशीन ढिम्म.

दुसरा बूट मॅनेजर. काळ्या किंवा निळ्या पडद्यावर शेवटी 'ई' किंवा 'एफ' असलेला लांबलचक कोड आणि बीसीडीचा उल्लेख दिसला, तर फर्मवेअरने आपलं काम केलंय. पण विंडोज कुठल्या पार्टिशनवर आहे ही चिठ्ठी हरवलीय किंवा चुकीची आहे. बीसीडीबूट ही एक कमांड ती चिठ्ठी नव्याने लिहून देते. काम पाच मिनिटांचं.

तिसरा खुद्द विंडोजचा कर्नल, आणि इथला गोंधळ सगळ्यात मजेशीर. विंडोजचा लोगो येतो, गोल फिरतं, आणि धाडकन निळा पडदा: 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. लोक म्हणतात, "डिस्क गेली!" अहो, डिस्क गेली असती तर लोगो कुठून आला? सुरुवातीला डिस्क वाचून देतं ते फर्मवेअर. कर्नल जागा झाला की तो स्वतःचा ड्रायव्हर वापरतो, आणि तो ड्रायव्हर इमेजमध्ये नसेल तर समोरची डिस्क त्याला दिसत नाही. २०२० साली आलेल्या ११व्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरपासून बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी चालू असतं, तेव्हा हे हमखास होतं. ड्रायव्हर इमेजमध्ये घाला, नाहीतर नव्या मशीनवर सेटिंग बदला. पण वापरातल्या मशीनवर ते सेटिंग सहज म्हणून बदलू नका. चालू असलेलं विंडोजही अडकू शकतं, आणि बिटलॉकर असेल तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसतो.

नेटवर्कवरून इमेज टाकताना तर रेस सुरू होण्याआधीच एक अडथळा. पीएक्सईचा ई-५१ कोड म्हणजे डीएचसीपीकडून उत्तरच आलं नाही. ई-५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण बूट फाईलचं नाव मिळालं नाही. दोन्हींत दोष इमेजचा नाही. कधी कधी स्विचचा पोर्ट स्पॅनिंग ट्रीमुळे तीस सेकंद गप्प बसतो, आणि तोवर बिचारं मशीन कंटाळून सोडून देतं.

१९ जुलै २०२४ आठवतोय? क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा आणि एक फाईल काढून टाका. बस्स. अडलं कुठे, तर हे मशीनगणिक हाताने करायचं होतं, आणि बिटलॉकरची की शोधायची होती. ती ज्यांनी नीट जपून ठेवली होती त्यांचं काम सोपं. पण घाबरून सरसकट फॉरमॅट मारणाऱ्याला त्या मशीनवरचा लोकांचा डेटा परत कोण देणार?

आता मुद्द्याचं. हे सगळं अज्ञानामुळे होतं असं मला वाटत नाही. मशीनसमोर बसलेला पोरगा बहुतेकदा कंत्राटी असतो, पगार सगळ्यात कमी, आणि त्याचं काम मोजलं जातं ते 'आज किती मशीन केली' यावर. तो पडद्यावरचा कोड वाचत बसला की मॅनेजर म्हणतो टाइमपास करतोय. परत इमेज मारली की आकड्यात दिसतं, विचार केलेला दिसत नाही. मग तो विचार कशाला करेल?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रोलआउटच्या आधी प्रत्येक मॉडेलचं एकेक मशीन पूर्ण करून बघा. प्रत्येक मॉडेलची फर्मवेअर सेटिंग्ज एका कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्यांदा इमेज मारण्याआधी पडद्याचा मोबाईलवर फोटो काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सलग तीन मशीन एकाच जागी अडकली तर "थांबा" म्हणायचा अधिकार त्या समोर बसलेल्या पोराला द्या. चौथं मशीन कुठे अडकणार हे त्याला माहीत असतं. वरच्या मजल्यावर ते कळतं चाळीसाव्या मशीननंतर.

असो. सोमवारी कुणी "परत मार" म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: "नेमकं कुठे अडलंय?" उत्तर आलं नाही, तर इमेजला हात लावू नका.