वायरी कोण गुंडाळणार?

आधीच सांगून टाकतो, मी कॉन्व्हेंटवाला. ‘एकोणसत्तर’ म्हणजे नक्की किती, हे अजूनही मनातल्या मनात इंग्रजीत मोजून बघतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात, मतं मात्र तशीच राहू द्यावीत.

विषय आहे आर्ट ब्लेकी. हा कोण? अमेरिकेतला जॅझ ड्रमर. जॅझ म्हणजे मोठ्या हॉटेलच्या लॉबीत हळू आवाजात वाजतं ते, असं ज्यांना वाटतं त्यांनी १९५८ सालचं ‘मोनिन’ एकदा हेडफोन लावून ऐकावं. मी सबमिशनच्या आदल्या रात्री ऐकलं आणि जर्नल तसंच राहिलं.

ब्लेकीचा जन्म १९१९चा, पिट्सबर्ग या पोलादाच्या गावातला. आधी पियानो वाजवायचा, मग ड्रम्सवर आला. १९४४ ते ४७ बिली एकस्टाइनच्या बँडमध्ये होता. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी हे दिग्गज त्याच बँडमधून गेलेले. पुढे हॉरेस सिल्व्हर या पियानिस्टबरोबर ‘जॅझ मेसेंजर्स’ सुरू झालं. १९५६ मध्ये सिल्व्हर बाहेर पडला, नाव ब्लेकीकडे राहिलं आणि १९९० मध्ये जाईपर्यंत त्याने तो बँड चालवला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या बँडमध्ये माणसं टिकायचीच नाहीत, आणि तीच त्याची गंमत होती! ब्लेकी कोवळी पोरं घ्यायचा, तयार करायचा, आणि ती स्वतःचे बँड काढायला निघून गेली की नवी घ्यायचा. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘बर्डलँड’ क्लबमध्ये माइकवर तो चक्क सांगतो की मी तरुणांबरोबरच राहणार, हे म्हातारे झाले की आणखी तरुण आणीन, डोकं चालू राहतं. ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं. तेव्हा तो स्वतः फक्त ३४ वर्षांचा!

‘मोनिन’वर ट्रम्पेट वाजवणारा ली मॉर्गन २० वर्षांचा होता, म्हणजे माझ्याएवढा. ती रचना ब्लेकीची नाही, बँडमधल्या बॉबी टिमन्स या २२ वर्षांच्या पियानिस्टची. पुढे वेन शॉर्टर आला, फ्रेडी हबर्ड आला. १९८० मध्ये विंटन मार्सालिस आला तो १८ वर्षांचा. त्याच मार्सालिसला १९९७ मध्ये पुलित्झर मिळालं, जॅझमधलं पहिलं. आपल्या भाषेत सांगायचं तर ब्लेकीची प्रत्येक बॅच पासआऊट झाली आणि प्लेसमेंट शंभर टक्के!

आता आपल्याकडे बघा. आपल्या बँडचा अलिखित नियम असा की पहिली दोन वर्षं वायरी गुंडाळायच्या, स्पीकर उचलायचे, सीनियरना चहा आणायचा. स्टेज मिळतं तिसऱ्या वर्षी. रोबोटच्या टीमचंही तेच. सीनियर्सनी सर्किट कोणाला हात लावू दिलं नाही, ते पासआऊट झाले आणि यंदाची टीम पुन्हा शून्यापासून सुरू. विचारलं की उत्तर ठरलेलं, “आम्ही नाही का केलं?”

लोक म्हणतील, पण क्वालिटीचं काय? ज्युनियरने स्टेजवर माती खाल्ली तर कॉलेजचं नाव जाणार. बरोबर आहे. पण ब्लेकी पोरांना सोडून देऊन बाजूला बसत नव्हता. तो त्यांच्या मागे बसायचा. हाय-हॅट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर खटाखट चालूच. सोलो वाजवणारा जरा ढिला पडला की स्नेअरवर त्याचा तो प्रसिद्ध रोल सुरू व्हायचा, आणि पुढच्याला जोर लावावाच लागायचा. जागाही द्यायची आणि धाकही ठेवायचा. आपण नुसता धाक ठेवतो.

ब्लेकी काही संत नव्हता. हेरॉईनचं व्यसन त्याला होतं, ली मॉर्गनलाही लागलं. तेव्हा सगळंच उचलायला नको. पण जागा करून देणं तरी उचलूया.

आता खरं कारण सांगतो, नाहीतर हा लेख नुसतं भाषण होईल. मागच्या गॅदरिंगला ड्रम्सवर मी होतो. फर्स्ट इयरला एक पोरगा आला होता, गावाकडे बँजो पार्टीत वाजवलेला. कधी शिकला नाही, पण हात माझ्यापेक्षा साफ. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी त्याला काय सांगितलं? “आधी वायरी गुंडाळायला शिक.” तो “हो सर” म्हणाला आणि वर्षभर गुंडाळत राहिला. रात्री मेसच्या टेबलावर त्याची बोटं चालायची, मी न ऐकल्यासारखं करायचो. त्याने माझी जागा घेतली तर मी कोण, ही भीती होती. बाकी शिस्त, परंपरा वगैरे नंतर सुचलेलं.

यंदा निम्मी गाणी त्याला द्यायची ठरवलंय. सोपं नाहीये. आई-बाबा यंदा पहिल्यांदा बघायला येणार आहेत, आणि त्याचा हात ऐकल्यावर माझ्याकडे कोण बघणार? पण ३४व्या वर्षी ब्लेकीला जे उमगलं, ते मला विसाव्या वर्षी निदान कळायला तरी हवं.

परवा त्याला सांगितलं. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “पण सर, वायरी कोण गुंडाळणार?”

म्हटलं, “मी. फक्त कशा गुंडाळायच्या ते एकदा दाखव.”