शेवाळ विष खाते का?



एका कापूसवाल्या भाऊंचे पत्र समोर आहे. ते लिहितात, "फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच धुण्याची आमच्या घरची जुनी सवय. धुवण पुन्हा विहिरीतच झिरपते हे ध्यानात आले, तेव्हा पाण्याला औषधाचा वास सुटला होता. आता शेजारचा शिकलेला मुलगा सांगतो की शेवाळ पाण्यातले विष खाऊन टाकते, म्हणून विहिरीतले शेवाळ काढू नका. खरे काय? घरात तान्हे मूल आहे."

भाऊ, आधी ते पाणी पिणे बंद करा. माणसांनी आणि जनावरांनीही. उकळून विष जात नाही, तुरटीने जात नाही. टीसीएल तर टाकूच नका. त्याने जंतू मरतात हे खरे, पण मॅलेथिऑनसारख्या औषधाचे क्लोरीनमुळे उलट अधिक जहाल विष बनते. दुसरीकडचे पाणी भरा, मग पुढचे वाचा.

शेजारचा मुलगा अगदीच खोटे बोलला नाही. पायरीवर पाय घसरतो ते शेवाळ निराळे आणि तो म्हणतो ते निराळे. ते एका पेशीचे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. डबक्याचे पाणी हिरवेगार दिसते ना, ते त्याच्यामुळे. क्लोरेला, सेनेडेस्मस ही त्यातली नावाजलेली कुळे. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पाहिले आहे की काही कीडनाशके या शेवाळाच्या अंगाला चिकटतात, काही आत शोषली जातात आणि त्यांतली काही आतच मोडून निरुपद्रवी होतात. शिवाय शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते. त्यावर पाण्यातले जिवाणू पोसतात आणि तेही विष कुरतडतात.

आणखी एक गंमत आहे. मॅलेथिऑन चुन्यात मिसळू नये असे सांगतात, कारण अल्कधर्मी पाण्यात ते लवकर मोडते. शेवाळ दिवसभर पाण्यातला कर्बवायू ओढून घेते, म्हणून भर दुपारी हिरवे पाणीही तसेच अल्कधर्मी होते. चुन्याचे काम थोडेफार ऊनच करून देते म्हणा.

पण यासाठी ऊन हवे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात प्राध्यापक विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात शेवाळावर सांडपाणी शुद्ध करण्याची तळी बसवली. ती मुद्दाम उथळ ठेवतात, हातभर पाण्याची, आणि पाणी सारखे ढवळत ठेवतात. तिथे साफ व्हायचे ते गावचे सांडपाणी, पिण्याचे पाणी नव्हे. तुमची विहीर खोल आणि अंधारी. तिथे हे शेवाळ वाढणार किती आणि काम करणार किती?

दुसरी गोष्ट याहून वाईट. सगळीच विषे मोडत नाहीत. त्याच कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. चिलटांचा त्रास फार, म्हणून तिथे १९४९, १९५४ आणि १९५७ साली डीडीटीचे भावंड असलेले डीडीडी टाकले. पाण्यात ते अगदी नावापुरते होते. पण पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळात आणि जीवांत ते साठले, त्यांच्यावर जगणाऱ्या माशांत त्याहून जास्त आणि मासे खाणाऱ्या, आपल्या टिबुकलीच्या जातीच्या पक्ष्यांच्या चरबीत सर्वांत जास्त. ते पक्षी शेकड्यांनी मेले. म्हणजे शेवाळाने विष उचलले खरे, पण संपवले नाही, वरच्याच्या ताटात वाढले. असे शेवाळ पाण्यात मेले आणि कुजले तर विष पुन्हा पाण्यात. शेवाळ काढून घेतले तरच पाणी सुटते, आणि काढलेले शेवाळ मग विषारी कचरा. तो गुरांपुढे टाकायचा नाही. (काही निळसर-हिरवी शेवाळे तर स्वतःच विषारी असतात. तसले दाट हिरवे पाणी पिऊन जनावरे दगावतात.)

आमच्या लहानपणी कुणीतरी एंड्रिनचा डबा ओढ्यात विसळला होता. दुपारपर्यंत डोहातले मासे पोट वर करून तरंगत होते आणि आम्ही पोरे ते गोळा करायला धावलो होतो. आईने टोपली हातातून हिसकावून घेतली म्हणून आज हे लिहितो आहे.

तेव्हा शेवाळावर विसंबू नका. पंप शेतातच धुवा, ओढा-विहिरीपासून लांब. टाकीत थोडे थोडे पाणी घेऊन तीन वेळा खळबळा आणि ते धुवण त्याच पिकावर फवारून टाका. रिकाम्या डब्यात घरातले काहीही भरू नका.

विहिरीच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत न्या आणि कीडनाशकासाठी तपासायचे आहे असे स्पष्ट सांगा. नेहमीच्या तपासणीत जंतू आणि क्षारच पाहतात. तिथे सोय नसेल तर कुठे आहे ते तिथेच विचारा. निकाल चांगला येईपर्यंत त्या विहिरीचे पाणी बाळाच्या तोंडी लावू नका आणि त्याच्या आईनेही पिऊ नये.

पायऱ्यांवरचे शेवाळ मात्र खुशाल खरवडा. कोणी घसरून पडायला नको. निकाल आला की पत्र टाका.