मनातील तण

शहापूर-मुरबाडकडील शेतकरी पावसाळ्यापूर्वी राब भाजतो. पालापाचोळा व शेण पसरून जाळले, म्हणजे तणाचे बी मरते व भाताची रोपे मोकळेपणी वाढतात. मनाच्या भूमीतही असेच तण माजते.

‘मला गणित येणारच नाही,’ असे कित्येक मुले स्वतःशी म्हणत असतात. हेच शब्द दुसऱ्याने उच्चारले, तर त्यांना राग येतो. स्वतःच केलेली निंदा मात्र ती मुकाट्याने खरी मानतात. यात मोठी हानी आहे. माणसाचे चित्त एका वेळी थोड्याच गोष्टी धारण करू शकते. ते धास्तीने व्यापले, की गणिताला जागा उरत नाही. मग उत्तर चुकते आणि ती निंदाच खरी वाटू लागते.

समर्थ रामदासांनी २०५ मनाचे श्लोक रचले. त्यांत मनाला स्पष्ट शब्दांत उपदेश केला आहे. पण त्याला हाक मारली आहे ती ‘सज्जन’ म्हणून. चूक दाखवावी, मात्र मान राखून, हाच यातील बोध होय.

‘मला सर्व येते,’ ही फुशारकीही उपयोगाची नाही. ‘मला हे अजून आलेले नाही; माझी कोणती पायरी अडली?’ असे विचारणे खरेही आहे आणि हिताचेही. अर्थात केवळ राब भाजल्याने भात पिकत नाही. पेरणी, चिखलणी व आवणी यांचे कष्ट करावेच लागतात. शब्द बदलल्यावर मुलाने पाटी पुन्हा हाती घेतली पाहिजे.