संघ जमवायचा की घडवायचा?

गेल्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीच्या दाराशी एक भाऊ आमच्याजवळ थांबले. चेहऱ्यावर नाराजी स्पष्ट दिसत होती. "चाचा, तुम्ही जरा बोला त्या मंडळींशी. माझा पोरगा वर्षभर फजर झाली की मैदान गाठतो. आता स्पर्धेला बाहेरची तीन पोरं पैसे देऊन आणणार म्हणे. मग यानं काय करायचं? पाण्याच्या बाटल्या उचलायच्या?"

मंडळींशी बोललो तर त्यांचंही म्हणणं होतं. "चाचा, दोन वर्षं पहिल्याच फेरीत घरी आलो. जिंकायचं तर तगडे खेळाडू नकोत का? कोल्हापुरात बघा, बाहेरचे खेळाडू घेऊन खेळतातच की."

कोल्हापूरचं उदाहरण आपल्या जतच्या पोरांना लगेच पटतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ उतरले की गर्दी कशी उसळते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. पण तिथे पेठेतली पिढ्यान्‌पिढ्यांची फुटबॉलची परंपरा आधी आहे आणि बाहेरचा खेळाडू नंतर आलेला आहे, ही गोष्ट आपण विसरतो. म्हणून या वेळी आम्ही ठरवलं की विजेता संघ खरोखर कसा उभा राहतो, याची एक खरी गोष्ट वाचकांसमोर ठेवावी. ती आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षकाची आहे.

खालिद जमील यांचा जन्म १९७७ साली कुवेतमध्ये झाला, पण फुटबॉलची त्यांची कारकीर्द घडली मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी या संघांकडून ते खेळले, भारताकडूनही खेळले. २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले आणि सात वर्षं तिथे राहिले. त्या संघाकडे पैसा कमी होता, मोठे खेळाडू परवडत नव्हते. दर वर्षी लढाई असायची ती खालच्या गटात ढकललं न जाण्याची. या सात वर्षांत त्यांच्या नावावर एकही करंडक लागला नाही. लोकांच्या हिशेबी हा माणूस अपयशीच.

२०१६ मध्ये ते मिझोरामच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा कुठे आयझॉलला परत जागा मिळाली. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल, बंगळुरू एफसी यांच्यासारखे श्रीमंत संघ होते. आयझॉल जिंकेल, असं कुणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

खालिद यांनी काय केलं? जयेश राणे आणि आशुतोष मेहता या मुंबई एफसीत पारखलेल्या खेळाडूंना सोबत घेतलं. गोव्याचा अल्बिनो गोम्स गोलरक्षक म्हणून आला. सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारियन मध्यभाग सांभाळायला होते. आणि बाकी संघात बहुतेक मिझोरामच्या डोंगरातली पोरं होती, ज्यांची नावं राज्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

२२ एप्रिल २०१७ रोजी आयझॉलमध्ये मोहन बागानशी सामना झाला. शेवटच्या काही मिनिटांत झोहमिंगलियाना राल्ते या स्थानिक बचावपटूने डोक्याने गोल केला आणि संघ १-० ने जिंकला. ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध बरोबरीही पुरेशी होती. संघ आधी एक गोलने मागे पडला. दुसऱ्या डावात विल्यम लालनुनफेला या मिझो पोरानेच बरोबरी साधली. १८ सामन्यांत ३७ गुण. मोहन बागानला ३६. ईशान्य भारतातला एखादा क्लब देशाच्या सर्वोच्च लीगचा विजेता होण्याची ही पहिलीच वेळ होती.

इथे आमचे मंडळातले मित्र म्हणतील, "बघा चाचा, त्यांनीही बाहेरचे खेळाडू आणलेच की!" आणले, हे खरं. पण कुणाला बसवण्यासाठी आणले, हे बघा. बाहेरचे खेळाडू आले ते स्थानिक पोरांना आधार द्यायला. निर्णायक दोन्ही गोल डोंगरातल्या पोरांनी केले. शिवाय ते पूर्ण हंगामासाठी आले होते. त्यांनी सोबत सराव केला, सोबत हार पचवली. स्पर्धेच्या आदल्या रात्री एसटीतून उतरणारा खेळाडू आणि वर्षभर सोबत घाम गाळणारा खेळाडू यांत फरक असतो.

या वाटेवर त्यांच्या कितीतरी आधी चाललेले एक बुजुर्ग होते. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. १९५० पासून मृत्यूपर्यंत त्यांनी भारतीय संघ घडवला. १९५१ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि १९६२ मध्ये जकार्ताला पुन्हा सुवर्ण. शिक्षक असल्यामुळे त्यांना ठाऊक होतं की उणीव लपवून चालत नाही, तिच्यावर काम करावं लागतं. ते मुलांसाठी अशा स्पर्धा घेत, ज्यांत फक्त कमजोर पायाने खेळायचं. उजव्या पायाचा खेळाडू डाव्याने, डाव्याचा उजव्याने. कधी चेंडू एकट्याने पळवत नेण्यालाच मनाई असे. मग पास देण्यावाचून गत्यंतर राहत नसे.

जकार्तातली एक गोष्ट तर प्रत्येक आईबापाने मुलाला सांगावी. बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला थायलंडविरुद्ध मार लागला, टाके पडले. बचावात उभं करणं धोक्याचं होतं. रहीम साहेबांनी त्यांना घरी पाठवलं नाही. उपांत्य आणि अंतिम सामन्यात पुढच्या फळीत उभं केलं. दोन्ही सामन्यांत जर्नेलसिंग यांनी गोल केला आणि दक्षिण कोरियाला हरवून भारत २-१ ने जिंकला. माणूस निरुपयोगी झाला असं म्हणण्याआधी त्याची जागा बदलून पाहिली. त्या वेळी रहीम साहेब स्वतः कर्करोगाने खंगत होते. जून १९६३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला.

जागेचा विषय निघाला की आम्हाला उहुदचा डोंगर आठवतो. सीरत वाचणाऱ्या घरांत हा प्रसंग लहान मुलालाही माहीत असतो. हुजूर (स.) यांनी पन्नास तिरंदाजांना टेकडीवर उभं केलं आणि काहीही झालं तरी जागा सोडू नका, असं बजावलं. विजय झाला असं वाटून त्यातले बहुतेक खाली उतरले आणि जिंकत आलेली लढाई फिरली. त्या लोकांत शौर्याची कमतरता नव्हती. कमी पडली ती जागा धरून राहण्याची शिस्त. मैदानावर प्रशिक्षकाचं निम्मं काम हेच असतं. प्रत्येकाला त्याची जागा दाखवायची आणि गोल दिसला की तिकडे धावत सुटायचं नाही, हे सब्रने शिकवायचं.

आता या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आयझॉलला जिंकून दिल्यावर खालिद ईस्ट बंगालकडे गेले. नाव मोठं, पैसा जास्त, पण लीग काही जिंकता आली नाही. म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात जादूची कांडी नसते. पुढे नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असा प्रवास करत ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. सप्टेंबरमध्ये ओमानला हरवून संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला, तर ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून हार झाली आणि आशिया चषकाची वाट बंद झाली. घडवणाऱ्याच्या नशिबी हेही येतं. पण सात वर्षं करंडकाशिवाय काम करत राहिलेला माणूस एका हाराने उठून जात नाही.

आमच्या जत तालुक्याला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यावा लागतो, मग छाटणी, मग पाणी. हा क्रम पाळल्याशिवाय फळ येत नाही. बाजारातून डाळिंबं विकत आणून घरात ढीग लावता येतो, त्याला कुणी बाग म्हणत नाही.

हे सगळं आम्ही मंडळींना सांगितलं. सगळं पटलं असं नाही. शेवटी मशवरा झाला आणि तीन गोष्टी ठरल्या. बाहेरून एकच जण आणायचा, तोही गोलरक्षक, कारण ती जागा खरोखर रिकामी आहे आणि तो पुढचे सहा महिने पोरांसोबत सराव करणार असेल तरच. तिघांवर जाणारा पैसा बूट, चेंडू आणि मैदानावरचे दगड वेचून सपाटी करण्यावर लावायचा. आणि राखीव खेळाडूंना प्रत्येक सराव सामन्यात निम्मा वेळ खेळवायचं.

त्या भावालाही आम्ही एक गोष्ट सांगितली. तुमचा मुलगा पहिल्या अकरांत असेलच, असं वचन कुणी देणार नाही, तुम्हीही मागू नका. पण आठवड्यातून एकदा असरनंतर मैदानाच्या कडेला येऊन उभे राहा. मुलगा बाहेर बसलेला असेल तेव्हाही या.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चाचा, दुकान कोण बघणार?" आम्ही म्हटलं, तासाभरासाठी आम्ही बसतो गल्ल्यावर. येत्या मंगळवारपासून सुरुवात आहे, इन्शाअल्लाह.