चाकांवरचें जुनें घर

जुनी मालमोटर घ्यावी, तीवर निजण्या-जेवण्याची सोय करावी आणि सहकुटुंब प्रवासास निघावें, ही हौस अलीकडे आपल्या सुशिक्षित घरांतूनहि दिसूं लागली आहे. २०२१ सालीं महाराष्ट्र सरकारनें अशा गाड्यांतील पर्यटनासाठीं धोरण आखलें, त्यामुळें या हौसेला थोडी प्रतिष्ठाहि आली. मात्र ही कल्पना केवळ परदेशची आहे असें मानण्याचें कारण नाहीं. ज्या वाचकांचें बालपण जत्रेच्या गांवीं गेलें असेल, त्यांनीं तंबूंतल्या सिनेमाची मोटर आठवून पाहावी.

दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला आणि पुढें आपलीं चित्रें बैलगाडींतून गांवोगांव नेलीं. मागाहून त्या बैलगाडीची जागा मालमोटरीनें घेतली. मागच्या खोलींत यंत्र. तेथूनच तंबूंतील पडद्यावर प्रकाश पडावयाचा. आणि खेळ संपला कीं त्याच फळ्यांवर माणसांनीं पथाऱ्या टाकावयाच्या. दोन हजार फुटांचें रीळ सुमारें बावीस मिनिटें चाले, म्हणून हाताशीं काय ठेवावें आणि पायाशीं काय, याचा हिशेब त्या खोलींत काटेकोर असे. याच मंडळींच्या उतरत्या काळावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा बोलपट २०१६ सालीं कान येथील महोत्सवांत गौरविला गेला. फिल्म गेली तशीं तीं यंत्रें वजनावारी भंगारांत निघालीं. गाडी मोडीत गेली म्हणजे लोखंडाची किंमत हातीं येते. पण आंतली मांडणी कोणीं कागदावर उतरविलेली नसते, ती कायमची जाते.

अशी एखादी गाडी पुन्हा उभी करावयाची तर ती कोठें न्यावी? आमच्या मतें सोमेश्वरनगरसारख्या ठिकाणीं. निरा-बारामती रस्त्यावरील या गांवीं साखर कारखाना आहे, आणि जेथें ऊस वाहावयाचा तेथें जोडकाम जाणणारे कारागीर असावयाचेच. शिवाय आपल्याकडील मालमोटर ही मुळांतच अर्धी हातानें घडविलेली वस्तु. कारखान्यांतून पुष्कळदां नुसता सांगाडा येई. त्यावरील पेटारा सुतार-लोहार बांधीत. जें हातानें बांधलें तें हातानें पुन्हा बांधतां येतें.

पहिल्या दिवशीं हातोडा मात्र उचलूं नये. प्रत्येक फळी, कप्पा, खिडकी यांचीं मापें घ्यावीं, छायाचित्रें काढावीं, फळ्यांवर खडूनें आंकडे घालावे. मग पेटारा उतरवून सांगाड्याचे दोन लांब तुळवे पाहावे. लांकूड ज्या ठिकाणीं लोखंडावर टेकलेलें असतें तेथें ओल कोंडते आणि गंज वरून न दिसतां आंत खात जातो. टोकदार हत्यारानें टोचून पाहावें. तुळवाच पोखरला असेल तर गाडीचा मोह सोडावा. वरचें सारें नवें करतां येईल, पण हा पाया संशयित ठेवून मुलांबाळांना आंत निजवूं नये. पाया शाबूत असेल तर गंज खरवडून तांबडा रंग द्यावा आणि लांकूड व लोखंड यांमध्यें रबराची पट्टी घालावी. कुजलेलें लांकूड रंगानें झांकणारे कारागीर भेटतात. त्यांना लवकर निरोप द्यावा.

छताला थोडा उतार हवा. पाण्याचें एक लिटर म्हणजे एक किलो, हें विसरून लोक छतावर दोनशे लिटरची टाकी चढवितात आणि वळणावर गाडी कां डोलते म्हणून विचारतात! जड वस्तु खालीं, दोन आंसांच्या मध्यें असाव्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षां जड असतो, म्हणून सिलिंडरचा कप्पा निजण्याच्या खोलीपासून बंद असावा आणि त्याला बाहेरच्या बाजूस अगदीं तळाशीं भोंक असावें. ही गोष्ट घरांतील बायकांनीं स्वतः पाहून घ्यावी. पुरुषमंडळींचें लक्ष बहुधा इंजिनाकडे असतें.

कागदपत्रांचें प्रकरण कंटाळवाणें, पण टाळतां येण्यासारखें नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडीच्या रूपांत मनाजोगते बदल करूं देत नाहीं. मालमोटरीचें राहतें घर करावयाचें तर आधीं परवानगी हवी. बारामतीस परिवहन खात्याचें कार्यालय आहे. तेथें आराखडा घेऊन आधींच जावें. काम झाल्यावर विचारणें महागांत पडतें.

एक गोष्ट सांगावीशी वाटते. ऊसतोडीच्या हंगामांत बीडकडून कुटुंबेंच्या कुटुंबें मालमोटरींतून, ट्रॅक्टरांतून या कारखान्यांच्या परिसरांत उतरतात आणि पाचटाच्या कोपींत महिनेच्या महिने राहतात. दोन भांडीं, एक चूल, पाण्याची घागर आणि दाराशीं निजलेलें मूल, एवढ्या जागेंत तीं संसार मांडतात. चाकांवरच्या घरांत कपाटें किती असावीं याविषयीं आपल्या घरीं वाद सुरू झाला, तर आम्हीं त्या कोपीचें माप सुचवूं.

कामाची वेळ म्हणाल तर दिवाळीच्या सुमारास कारागीर उसाच्या गाड्यांत गुंतलेला असतो. गाळप आटोपल्यावर, उन्हाळ्यांत गाडी न्यावी. लांकूड तेव्हां कोरडें मिळतें, आणि पहिल्या पावसांत छत गळतें कीं नाहीं हें कारागीर हाताशीं असतांनाच कळतें.