ताप आला, ताप गेला... पुरावा काय?

‘आज येऊ शकत नाही, मुलाला ताप आहे.’

इस्तंबूलच्या ऑफिसमधून हा मेसेज आला, की आमच्या टीममध्ये नजरानजर व्हायची. महिन्यातून एकदा हमखास! तीन दिवसांनी बाई परत ऑनलाइन आणि मुलगा एकदम टकाटक. ‘आपल्याकडे सुट्टीसाठी आजी मरते, त्यांच्याकडे मुलाला ताप येतो,’ हा जोक माझाच. आज सांगताना लाज वाटते.

एकदा कॉलवर आम्ही दोघंच लवकर आलो होतो. सहज विचारलं, तर तिने आजाराचं नावच सांगितलं. फॅमिलियल मेडिटरेनियन फीव्हर. तुर्की, आर्मेनियन, अरब, ज्यू कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत आलेला. सणकून ताप, पोटात असह्य कळा, आणि १२ तास ते तीन दिवसांत सगळं आपोआप गायब. जंतू नाही, इन्फेक्शन नाही; आग नसतानाच शरीराचा फायर अलार्म वाजतो म्हणा ना! अपेंडिक्स समजून अशा कित्येक मुलांची ऑपरेशन्सही झाली आहेत. तिच्या मुलाला मात्र शाळेत वेगळंच ऐकावं लागलं, ‘नाटकं करतो!’

म्हणजे बघा, माझा जोक आणि त्या शाळेचा शेरा एकच.

यावर औषध आहे. कोल्चिसिन, गाऊटवालं. १९७२ पासून या आजारात वापरतात, रोज घ्यायचं. ते चुकवलं, तर आत धुमसणारी सूज वर्षानुवर्षांत किडनी निकामी करू शकते. गंमत नाही हो ही.

‘मग जीन टेस्ट करायची ना!’ इति मी, गूगलपंडित. एमईएफव्ही हा जीन १९९७ मध्ये सापडलाय. पण तोच बिघाड असलेल्या दोघांपैकी एक तापाने फणफणतो, दुसरा मजेत फिरतो. काहींना तर जीनची एकच प्रत बिघडलेली असूनही त्रास होतो. बरं, रक्तातलं सीआरपी बघावं, तर ते साध्या घशाच्या इन्फेक्शननेही वाढतं. मग हा ॲटॅक, की नुसता फ्लू? ताप नसतानाही आत काही शिजतंय का? डॉक्टरांना हे कळायला आणखी एक साक्षीदार हवाय.

इथे एन्ट्री होते मायक्रो-आरएनएची. जेमतेम २२ अक्षरांचा हा तुकडा. जीन ही रेसिपी धरली, तर तिची कॉपी पेशीच्या किचनमध्ये जाते. हा पठ्ठ्या त्या कॉपीला चिकटतो आणि सांगतो, ‘बास, आता पुरे!’ १९९३ मध्ये एक मिलिमीटरच्या किड्यात तो पहिल्यांदा सापडला, आणि २०२४ मध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना त्यासाठी नोबेल मिळालं. मुख्य म्हणजे तो रक्तातही सापडतो आणि तिथे चांगला टिकतो. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी हा आजार असलेल्या मुलांचं रक्त निरोगी मुलांच्या रक्ताशी ताडून पाहिलं. काही मायक्रो-आरएनए जास्त निघाले, काही कमी.

लगेच उड्या मारू नका! या अभ्यासांत मुलं थोडी, आणि एकाची यादी दुसऱ्याशी जुळतेच असं नाही. लॅबमध्ये जाऊन करून घ्यावी अशी टेस्ट अजून झालेली नाही. तिला हे सगळं माझ्याआधी ठाऊक होतं. म्हणाली, ‘त्याला बरं करणारं औषध तर हवंच. पण तो खरं बोलतोय, हे सांगणारा एक कागद मिळाला ना, तरी पुष्कळ.’

मला काही सुचलं नाही. तेवढ्यात बाकीचे जॉइन झाले.

गेल्या सोमवारी पुन्हा तोच मेसेज आला. तिचं प्रेझेंटेशन मी केलं. टीममधला एक जण हळूच म्हणाला, ‘आपल्याकडे आजी मरते...’

‘तो जोक माझा होता,’ मी म्हटलं, ‘आता बंद झालाय.’